एच-सातचे ठिपके

६ जानेवारी २०२५, सोमवार

यशवर्धनच्या कंपनीने यंदाही डायरी दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी पाण्याच्या पंपाचं चित्र. दर वर्षी मी ती सासूबाईंना उपासतापास लिहायला देते. यंदा स्वतःकडे ठेवली, कारण मनातलं बोलायला दुसरी जागा नाही. यशला, म्हणजे नवऱ्याला, सांगायला गेलं तर तो म्हणतो, “तू हर बात मनाला लावून घेते यार.”

तर मनाला लागलेली गोष्ट ही, की आमच्या लॅबचे प्रमुख पुराणिक सरांनी क्लॅमिडियाच्या नव्या रक्तचाचणीचं, म्हणजे पॅनलचं, काम मधुरिमाला दिलं.

मी या प्रयोगशाळेत चौदा वर्षं आहे. क्लॅमिडियाचे नमुने गोळा करायला इंदुरात कोणी तयार नव्हतं, तेव्हापासून. हा आजार शरीरसंबंधातून लागतो, म्हणून बायका नाव सांगत नाहीत आणि पुरुष दारातूनच परत जातात. त्यातून तो बहुतेक बायकांना काही त्रासच देत नाही. आत गुपचूप राहतो आणि वर्षांनंतर कधीतरी कळतं. मी एकेकीशी बोलून, हातोदपासून बेटम्यापर्यंत फिरून, दोनशेच्या वर नमुने जमवले. आता त्यावरची साय जाणार कोणाला, तर आठ महिन्यांपूर्वी पुण्याहून पीएच.डी. करून आलेल्या मुलीला. वय अठ्ठावीस. माझी एम.एस्सी. झाली तेव्हा ती पाटीवर मुळाक्षरं गिरवत असेल.

खरा प्रश्न आहे पेपरवर पहिलं नाव कोणाचं. ज्याचं पॅनल त्याचं नाव पहिलं. माझं नाव आजवर सहा पेपरांवर आलं, दर वेळी मधे कुठेतरी, लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत उभ्या असलेल्या मावशीसारखं.

९ जानेवारी, गुरुवार

पॅनलसाठी आज रक्त दिलं. ही प्रयोगशाळांची जुनी रीत आहे. तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त लागतं, तेव्हा बाहेर कोणाला शोधत बसत नाहीत, आपलीच बाही वर करतात. दहा जणांनी दिलं, सरांनीसुद्धा. आधी लघवीची तपासणी झाली. दहाही जण साफ. मग शिखाने प्रत्येकाला एक आकडा दिला, एच-एक ते एच-दहा, एच म्हणजे हेल्दी. कोणाचा कोणता ते आम्हालाही सांगत नाहीत. ते तिच्या कुलुपातल्या वहीत.

शिखा आमच्या क्लिनिकची नर्स. पेशंटशी बोलायचं कामही तिचंच. ते तिला मी शिकवलं. वाईट बातमी सांगताना टेबलापलीकडे बसायचं नाही, खुर्ची ओढून शेजारी बसायचं, हे माझं वाक्य ती आजही नव्या मुलींना ऐकवते.

माझी शीर सापडेना. एकदा टोचलेलं वाया गेलं. दुसऱ्यांदा जेमतेम अर्धी नळी भरली आणि रक्त थांबलं. शिखा म्हणाली, “मॅडमजी, आपकी नस भी आप जैसी है. रूठ के बैठी है.” मधुरिमाच्या दोन्ही नळ्या पाहता पाहता भरल्या. रक्त देण्यातही ती पुढे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. संध्याकाळी राजेंद्र नगरातल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. शेजारच्या मंगलाकाकूंची सून सातव्या महिन्यात आहे. तिने वाकून नमस्कार केला आणि सगळ्यांनी तिला धरून बसवलं. मी तिळगूळ वाटत होते. तिच्या हातावर वडी ठेवताना मी तिच्या पोटाकडे बघायचं टाळलं. हे मी फक्त इथेच लिहू शकते.

कोणीतरी नवीन भाडेकरीण आली होती. तिने विचारलं, तुम्हाला किती मुलं. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या. “हिच्या नळ्या बंद आहेत ना. बहुत इलाज केले. नशीब, दुसरं काय.” पाणी उकळलं हे सांगावं तशा सहज सांगतात. बारा वर्षांपूर्वी तपासणीत निघालं तेव्हापासून असंच सांगतात. वाईट हेतूने नाही. आमच्या घराण्यात होळकरांच्या वेळेपासून कोणाला हे झालं नाही, हे मात्र पुढे जोडतात.

मला त्या वेळची डॉक्टरीणबाई आठवली. तिने विचारलं होतं, पूर्वी कधी आतलं इन्फेक्शन झालं होतं का? माझ्या आधी यशच म्हणाला, “नाही हो डॉक्टर, हिला तर सर्दीसुद्धा होत नाही.” तेव्हा मला बरं वाटलं होतं. माझी बाजू घेणारं कोणीतरी होतं.

१८ जानेवारी, शनिवार

यशला खोकला. गोळी घे म्हटलं तर घेत नाही. हा माणूस औषधाच्या वाऱ्याला उभा राहत नाही. लग्नानंतर एकदाच त्याने कोर्स पुरा केलेला आठवतो, आमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा. बेटम्याला त्याची डीलरशिप होती आणि सीझनमध्ये आठवड्यातले चार दिवस तो तिथेच खोली घेऊन राहायचा. गळा धरलाय म्हणाला होता. कॅप्सूल खायचा आणि दुधाचा चहा सोडून काळा चहा प्यायचा. घरी असला की मी लिंबू पिळून द्यायचे. नवी नवरी होते, त्याचंही कौतुक वाटायचं.

२३ जानेवारी, गुरुवार

मधुरिमाचा निकाल आला. लॅबमध्ये टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

तिने सगळ्यांना समजावून सांगितलं, आणि शब्दन् शब्द माझा. हा जंतू आपल्या पेशीच्या आत शिरून लपतो, बाहेरून दिसत नाही. पण ती पेशी त्याच्या प्रथिनांचे बारीक तुकडे आपल्या अंगावर बाहेर आणून ठेवते. संरक्षण करणाऱ्या टी-पेशी हिंडत येतात, तो तुकडा चाचपतात आणि ओळखतात. बरेचसे तुकडे या जंतूच्या सगळ्या प्रकारांत सारखेच. थोडे मात्र फक्त एकेका प्रकाराचे. डी प्रकाराचे वेगळे, ई प्रकाराचे वेगळे, के प्रकाराचे वेगळे. रक्तातल्या पेशींसमोर आपण हे तुकडे ठेवले, तर ज्या पेशीला पूर्वीची ओळख असते तिच्या जागी प्लेटमध्ये निळा ठिपका उमटतो. एक ठिपका म्हणजे एक पेशी. ज्या बाईला डी झाला तिच्या पेशी डीच्या तुकड्यांवर ठिपके देतात, ईच्या देत नाहीत.

हे सगळं मी तिला जुलैमध्ये कँटीनमध्ये पोहे खाताना सांगितलं होतं. ती तेव्हा मान हलवत होती. आज सर म्हणाले, “मधुरिमा, वा, काय सोपं करून सांगितलं.”

के प्रकार आपल्याकडे कमी. दोनशेत फक्त चार बायका. तरी तिच्या प्लेटवर त्यांचे ठिपके स्वच्छ, मोजून घ्यावेत असे. मला हेवा वाटला तो नावाचा नाही, त्या ठिपक्यांचा. इतके सुबक ठिपके माझ्या हातून कधी आले नाहीत.

२४ जानेवारी, शुक्रवार

सापडलं.

सगळ्यांचं जेवण चालू असताना तिच्या प्लेटचे फोटो एकेक करून पाहिले. दहा निरोगी नमुन्यांपैकी नऊ कोरे. एच-सात मात्र कोरा नाही. डी रिकामा, ई रिकामा आणि केच्या खणात साठ-सत्तर ठिपके. निरोगी माणसाच्या रक्तात केची ओळख कुठून येणार? तिने शेजारच्या पेशंटच्या खणातलं थेंबभर इकडे उडवलं असणार. घाईघाईने पिपेट मारते, मी पाहिलंय.

नोंदीचा कागद काढला. एच-सातपुढे शिखाचं अक्षर: ‘पाच मि.ली., दुसऱ्या प्रयत्नात.’ अर्धवट नमुना. असला नमुना पॅनलमध्ये घ्यायचाच कशाला? मी असते तर परत बोलावून घेतला असता. पुण्यात हेच शिकवतात वाटतं.

घरी येताना रस्ताभर गाणं गुणगुणत होते. यश म्हणाला, “क्या बात है, आज मूड छान दिसतोय.”

३० जानेवारी, गुरुवार

सरांना म्हटलं, एच-सात मी स्वतःच्या हाताने करून पाहते. गोठवलेली एक कुपी उरली होती. काल लावलं. नव्या नळ्या, नवं द्रावण, प्लेट मीच धुतली, पेशंटचा एकही नमुना जवळपास ठेवला नाही.

आज प्लेट काढली. काहीच न घातलेला खण कोरा. डी कोरा. ई कोरा. केमध्ये अठ्ठावन्न.

पंधरा मिनिटं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. सुंदर आले होते. माझ्या हातून पहिल्यांदा इतके सुबक आले आणि तेही तिचं बरोबर ठरवायला.

मग विचार केला. घाण उडाली ती प्लेटवर नसेल, मुळात पेशी वेगळ्या काढतानाच उडाली असेल. म्हणजे कुपीतच असेल. म्हणजे चूक तिचीच. आता जरा शांत वाटतंय.

२ फेब्रुवारी, रविवार

रविवारचं शिबिर होतं, म्हणून क्लिनिकला गेले. एका बाईला तिसऱ्यांदा हा आजार झाला होता. शिखा तिच्या शेजारी बसून समजावत होती, “देखो दीदी, दोनों को साथ में खानी पडेगी गोली. सात दिन. दूध के साथ नहीं लेना, दूधवाली चाय, कुछ नहीं.” बाई म्हणाली, त्यांनी तर मागच्या वर्षीच खाल्ली होती, मला सांगितलं नाही, मी त्यांच्या खिशात पाकीट पाहिलं.

बाहेर आल्यावर शिखा म्हणाली, “मॅडमजी, आधे मर्द ऐसेच करते. खुद ठीक हो जाते, घर में बताते नहीं.” मला त्या बाईची कीव आली. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. आपल्या घरात बाकी काही नसेल, हे तरी नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

मधुरिमा आज माझ्या टेबलाशी आली. इकडचं तिकडचं बोलली आणि मग हळूच, “ताई, त्या दिवशी तुमचं ब्लड किती निघालं होतं?”

“का?”

“असंच हो. शिखा बोल रही थी, तुम्हाला दोनदा टोचलं.”

“तुझ्यासारख्या तरण्या शिरा नाहीत आमच्या,” म्हटलं. तिचा चेहरा पडला. पडू दे. माझ्या वयाची चेष्टा करायला दुसरं काही मिळालं नाही का तिला?

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज तर हद्द झाली. सरांच्या केबिनचं दार अर्धवट उघडं होतं. मधुरिमा सांगत होती, “सर, एच-सात काढून टाकू या. सॅम्पल कमी होतं, क्वालिटी ठीक नाही. नऊ हेल्दी कंट्रोल पुरेसे आहेत.”

काढून टाकू या! जे बसत नाही ते टोपलीत टाकायचं आणि मग पेपर छापायचा. त्या नमुन्याच्या पेशी चांगल्या होत्या. मी स्वतः मोजल्या, शंभरात चौऱ्याण्णव जिवंत. ती सरांशी धडधडीत खोटं बोलली.

चौदा वर्षांत मी एक ठिपका कमीजास्त केला नाही. पहिलं नाव नसेल माझं, पण माझ्या वहीत खाडाखोड नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सरांना पत्र लिहून दिलं. एक प्रत नैतिकता समितीला. ‘एच-सात या नमुन्याचा निकाल हेतुपुरस्सर वगळला जात आहे. सांकेतिक क्रमांक उघडून दात्याची माहिती तपासावी.’ शेवटचं वाक्य लिहिताना हात स्थिर होता.

मधुरिमाला कळलं. जिन्यात भेटली. डोळे लाल. “ताई, हे परत घ्या ना प्लीज. मी खरंच चुकले, मी सरांना सांगते मी चुकले. पण कोड नका उघडायला लावू.”

“का? घाबरलीस?”

ती पायऱ्या उतरून गेली. मला वाटलं होतं की आता मजा येईल. फारशी आली नाही. तरी पत्र परत घेणार नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

साडेअकराला शिखाने फोन करून खाली बोलावलं. मला वाटलं साक्षीदार म्हणून. वही उघडताना दोन माणसं लागतात. मी पेनसुद्धा घेऊन गेले.

खोलीत ती एकटीच होती. वही टेबलावर बंद. तिने दार लावलं, खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

तिथेच मला कळलं. तिने अजून तोंड उघडलं नव्हतं.

अर्धी नळी. पाच मि.ली., दुसऱ्या प्रयत्नात. तो कागद मी तीन वेळा वाचला होता. दुसऱ्याची चूक शोधत वाचला, म्हणून माझंच रक्त मला दिसलं नाही.

शिखा म्हणाली, “मॅडमजी, अभी कुछ नहीं है आपको. यूरिन साफ है. पुराना है, कब का.” मी म्हटलं, “मला माहीत आहे. मीच शिकवलंय तुला.” मग ती माझा हात धरून बसली. मी रडले नाही. पेनचं टोपण लावत आणि काढत राहिले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रजा. सासूबाईंना सांगितलं की डोकं दुखतंय.

लग्नाआधी माझ्या आयुष्यात कोणी नव्हतं. लग्नानंतरही एकच माणूस आहे. हा जंतू आत राहून नळ्या बंद करतो, हे मीच बायकांना सांगत आले. गणित करायला कागद लागत नाही.

काळा चहा.

१६ फेब्रुवारी, रविवार

मी कशी झाले आहे ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःला फार चांगली समजणार नाही.

काल प्रयोगशाळेत कोणी नसताना के प्रकाराच्या चार बायकांचे कागद काढले. हे मी करायला नको होतं. मला त्या नावांशी काही कर्तव्य नसायला हवं. पण एक बेटम्याची होती, पी-एकतीस. ती मला आठवली. हिरवी साडी, दोन मुलं बरोबर. धाकट्याला मी बिस्किट दिलं होतं. मी दहा मिनिटं त्या कागदाकडे बघत होते. हीच. हिनेच. गोरी होती, हसताना गालाला खळी पडत होती. मला तिच्या दोन्ही मुलांचा राग आला, बिस्किट दिलं त्याचा तर जास्तच.

मग वय वाचलं. सव्वीस. यश बेटम्याला होता तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची असेल, परकर सावरत शाळेत जात असेल. तिलाही हे तिच्या नवऱ्याने आणून दिलं असेल, माझ्यासारखंच.

कागद जागेवर ठेवला. पण ती नाही तर दुसरी कोणीतरी होतीच. तिला चेहरा नाही म्हणून मी दिसेल त्या बाईचा चेहरा तिला लावते आहे. काल भाजी घेताना शेजारी उभ्या असलेल्या बाईलाही लावून पाहिला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी यश पेपर वाचत पोहे खात होता. सासूबाई देवघरात. मी त्याच्यासमोर काळा चहा ठेवला. लिंबू पिळून.

“हे काय? दूध संपलं काय?”

“तू बेटम्याला असताना कॅप्सूल घ्यायचास आणि काळा चहा प्यायचास. किती दिवस घेतल्या होत्यास?”

“सात दिवस,” तो म्हणाला. पेपरमधून मानही वर केली नाही.

मग मान वर केली.

गळ्यासाठी पंधरा वर्षांपूर्वी घेतलेल्या गोळ्या कोणी मोजून लक्षात ठेवत नाही. ते त्यालाही त्याच क्षणी समजलं. चमचा ताटलीत ठेवला. पोह्यांवरची शेव बोटाने इकडून तिकडे करत राहिला.

“डॉक्टर काय म्हणाला होता?” मी विचारलं.

“म्हणाला होता,” तो थांबला. “म्हणाला होता, वाइफला पण द्या. एक पाकीट जास्तीचं दिलं होतं त्याने. निवी, मी कसं देणार होतो तुला? लग्नाला आठ महिने झाले होते. काय सांगून देणार होतो?”

“काय केलंस त्या पाकिटाचं?”

“बसमधून टाकलं. कलारियाच्या पुढे.”

जागासुद्धा आठवत होती.

“डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा माझ्या आधी तू बोललास.”

त्याने पेपरची घडी घातली.

“बारा वर्षं तुझी आई बायकांना सांगतेय की माझ्या नळ्या बंद आहेत. तू तिथेच सोफ्यावर बसलेला असतोस.”

“मला वाटलं, आता सांगून काय फायदा? जे झालं ते झालं ना.”

“कोण होती?”

“अब नाम से क्या होगा, निवी. एकदाच. मला तर तिचा चेहरा पण नीट आठवत नाही.”

त्याच्या सगळ्या बोलण्यात मला हेच सर्वांत लागलं. बसमधून पाकीट कुठे टाकलं ते त्याच्या लक्षात आहे. जिच्यासाठी माझं सगळं गेलं तिचा चेहरा मात्र नाही. माझ्या रक्तातल्या पेशींनी तिची ओळख त्याच्याहून जास्त जपली.

मागे वळले तर देवघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. हातात निरांजन. कधीपासून उभ्या होत्या ते मी विचारलं नाही. म्हटलं, “आई, नळ्यांचं आता कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा. मी पूर्ण सांगेन.”

त्यांनी निरांजन देवापुढे ठेवलं. थोड्या वेळाने माझ्यासाठी दुधाचा चहा करून घेऊन आल्या. सोळा वर्षांत पहिल्यांदा. साखर विसरल्या होत्या.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

यश पुढच्या खोलीत झोपतो. पुढे काय ते मी ठरवलेलं नाही, आणि ठरवायची घाईही नाही. दिवसातून दहा वेळा वाटतं, तिचं नाव काढून घ्यावं त्याच्याकडून. नाव मिळालं तर काय करणार आहे, कोण जाणे. पण हवं आहे.

मधुरिमाशी आज बोलले. विचारलं, तुला केव्हा कळलं? म्हणाली, “ठिपके आले त्याच दिवशी, ताई. अर्धी नळी एकच होती. तुम्ही दंडाला कापूस लावून बसल्या होत्या ना, तेव्हा मी तिथेच होते.”

“मग सरांशी खोटं का बोललीस?”

“मला वाटलं, पेपर तर होऊन जाईल. पण तुम्ही हे रिपोर्टमध्ये वाचाल, सगळ्यांच्या समोर... सॉरी ताई. डेटा नाही काढायला पाहिजे होता. मालूम है.”

मी तिला जिन्यात विचारलं होतं, घाबरलीस? घाबरली होतीच ती. माझ्यासाठी. आणि मी तिची तक्रार दोन प्रतींत केली होती. तिचे आभार मानायला हवे होते, ते जमलं नाही. केस बांधून येत जा, बर्नर आहे इथे, एवढंच म्हटलं. तिने लगेच बांधले.

३ मार्च, सोमवार

सरांनी बोलावलं. समोर न बसता खिडकीपाशी उभे राहून बोलले, त्यांना अवघड होत होतं.

“निवेदिता, नियमाने तुम्ही तुमचा नमुना मागे घेऊ शकता. कोणी विचारणार नाही. तुमची तक्रारही तिथेच संपेल.”

“आणि ठेवला तर?”

“ठेवला तर,” ते वळले, “तर या कामात त्याच्याएवढं महत्त्वाचं दुसरं काही नाही. बाकी सगळ्या आजच्या पेशंट आहेत. कधीतरी जंतू येऊन गेला, औषध नाही, त्रास नाही, तपासणीत काही नाही, आणि तरी पेशी इतक्या वर्षांनी नेमका प्रकार ओळखतात, हे दाखवणारा हा एकच नमुना आहे. लस करणाऱ्यांना हेच हवं असतं. अर्थात पेशी कोणता प्रकार तेवढंच सांगतात. केव्हा आला, कोणाकडून आला, ते नाही सांगत.”

“केव्हा ते मी सांगते,” म्हटलं. “डिसेंबर दोन हजार आठमध्ये माझं लग्न झालं. त्यानंतरचा पावसाळा.”

त्यांनी मान खाली घातली. मी संमतीच्या कागदावर सही केली. मधुरिमाबद्दलचं पत्र परत मागितलं नाही. तिने स्वतःच समितीला लिहून दिलं की वगळण्याचा प्रस्ताव चुकीचा होता. समितीने समज देऊन सोडलं.

पहिलं नाव तिचंच राहील. तसं मीच सरांना सांगितलं. सांगताना जिवावर आलं.

२१ मार्च, शुक्रवार

परवा रंगपंचमीची गेर होती, रंगांची मिरवणूक. अर्धं इंदूर अजून गुलाबी आहे. सरांच्या कानामागेही रंग राहिलाय.

एकाच कुपीवर पेपर उभा करता येत नाही, म्हणून आज माझं रक्त परत घ्यायचं होतं. पूर्ण दोन नळ्या. शिखा रजेवर. मधुरिमा म्हणाली, “ताई, मी घेऊ? पुण्याला शिकले होते.”

मी बाही वर केली. तिने हातमोजे घालायच्या आधी मी पाहिलं, तिच्या नखांत हिरवा रंग अडकला होता. तिने दंडाला पट्टा बांधला, दोन बोटांनी कोपराच्या आतली जागा हळू दाबून पाहिली आणि म्हणाली, “मूठ बंद करा.”

मी डोळे मिटले. टोचलेलं कळलंसुद्धा नाही. उघडले तर पहिली नळी भरत आली होती, गडद, काठापर्यंत. मग दुसरी.

“बघा ताई, नस तर छान आहे तुमची,” ती म्हणाली. “कुठे रूठ के बसली होती?”

प्रत्येक नळीवर तिने चिठ्ठी लावली. एच-सात. या वेळी पुढे ‘दहा मि.ली., पहिल्या प्रयत्नात’ असं लिहिलं.

कापूस दाबून मी बसून राहिले. पहिल्या झटक्यात शीर सापडली पोरीला. त्याचाही थोडा हेवा वाटलाच.